फुकटच्या सर्व्हरची किल्ली कोणाच्या हाती?

आमच्या ओळखीच्या तीन विद्यार्थ्यांनी अनेकांना एकाच वेळी खेळता येईल असा संगणकावरचा खेळ तयार केला आहे. तो त्यांना फुकटच्या क्लाऊडवर ठेवायचा आहे. "सर, खाते उघडण्यापूर्वी या अटी वाचून द्या," म्हणत ते आमच्याकडे आले. सही करण्याआधी वाचणारी मुले भेटली, याचा आम्हाला आनंद झाला.

अशा खेळासाठी एक संगणक अहोरात्र सुरू लागतो. प्रत्येकाची चाल त्याच्याकडे जाते आणि तो ती बाकीच्या खेळाडूंना कळवतो. हाच सर्व्हर. तो विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांना फुकटच्या क्लाऊडने दार उघडून दिले, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या दाराची किल्ली कोणाकडे आहे?

हेरोकू या अमेरिकन सेवेचे उदाहरण घ्या. असंख्य विद्यार्थ्यांनी आपले पहिले प्रयोग तिथे फुकटात चालवले. अटी तेव्हाही होत्याच. अर्धा तास कोणी फिरकले नाही, तर सर्व्हर झोपी जाई. तो पुन्हा सुरू झाला, की त्याच्या डिस्कवर साठवलेले पुसले जाई. खेळाडूंचे गुण टिकवायचे तर वेगळा डेटाबेस जोडावा लागे. पुढे ऑगस्ट 2022 मध्ये, फुकट सेवेचा गैरवापर होतो असे कारण देऊन, कंपनीने ती बंद करण्याचे जाहीर केले आणि 28 नोव्हेंबर 2022 पासून बंद केलीही. मुदत जेमतेम तीन महिन्यांची! प्रामाणिक विद्यार्थ्यांचा यात काय गुन्हा? पण दाद कोठे मागणार? अशा करारांत सेवा थांबवण्याचा अधिकार कंपन्या बहुधा स्वतःकडेच राखून ठेवतात.

मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. मेहेरबानी देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि त्याच्याच मर्जीने संपते.

मग फुकटचा क्लाऊड वापरूच नये काय? जरूर वापरावा. मात्र त्या मुलांना आम्ही चार गोष्टी बजावल्या. खेळाचा कोड आणि खेळाडूंच्या नोंदी यांची प्रत दर आठवड्याला स्वतःकडे उतरवून घ्या. सर्व्हर उभारण्याच्या पायऱ्या लिहून ठेवा, म्हणजे उद्या बिऱ्हाड हलवणे सोपे जाईल. खेळाचा पत्ता कंपनीच्या नावावर नव्हे, स्वतःच्या नावावर नोंदवा. आणि कार्डाचा क्रमांक मागितला, तर फुकट कोठे संपते व बिल कोठे सुरू होते, ते आधी वाचा.

जागा परक्याची असली तरी चालेल. आपली मेहनत मात्र आपल्याच ताब्यात राहिली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.