मथळा ठळक हवा, पण अक्षर गुदमरायला नको!

गणेशोत्सव जवळ आला की वडोदरा, इंदूर, दिल्ली, बंगळूर अशा शहरांतल्या महाराष्ट्र मंडळांत स्मरणिकेची धावपळ सुरू होते. लेख गोळा होतात, जाहिराती मिळवल्या जातात, मुद्रिते तपासून होतात. मग छापलेला अंक हाती पडतो आणि नजर मुखपृष्ठावरच अडते. 'राष्ट्रीय'मधला 'ष्ट्र' म्हणजे शाईचा नुसता डाग झालेला, 'शुभेच्छा'चा उकार खालच्या ओळीत घुसलेला आणि 'लक्ष्मी'चा 'ल' शेजारच्या हिंदी पाटीवरून उचलून आणल्यासारखा. प्रती छापून झाल्यावर त्याला काही इलाज नसतो.

हीच गत बचत गटाच्या पापडांच्या लेबलाची, हळदीकुंकवाच्या निमंत्रणाची आणि शिकवणी वर्गाच्या हँडबिलाची. तिथे मजकूर बेताचाच असतो, त्यामुळे सारी भिस्त मथळ्यावर. पूर्वी ही काळजी छापखानेवाल्याची असे. त्याच्याकडे मोठ्या ठळक टाइपाचे जे दोनचार आकार असतील, त्यातूनच निवड करायची. डीटीपी आल्यावर फॉन्टचे संच पैसे मोजून घ्यावे लागत. २०१४ नंतर मात्र उत्तम देवनागरी फॉन्ट एकामागून एक विनामूल्य उपलब्ध होत गेले. आता घरच्या संगणकावर कोणीही मथळा जुळवू शकते, आणि चुकले तर बोल लावायलाही दुसरे कुणी नाही.

सेरिफ नाही म्हणजे काय?

रोमन अक्षरांच्या टोकांना जी बारीक आडवी पायरी असते, तिला सेरिफ म्हणतात. ती नसलेले अक्षर म्हणजे सॅन्स सेरिफ. मोठ्या मथळ्यासाठी ते सुटसुटीत दिसते, म्हणून सर्वत्र लोकप्रिय. पण आपल्या देवनागरीत ही पायरी मुळातच नाही. आपल्याकडे फरक आहे तो रेषेच्या जाडीचा. तिरक्या कापलेल्या बोरूने लिहिले की एकाच अक्षरात रेषा कुठे जाड तर कुठे बारीक उमटते. पोथ्यांचे आणि जुन्या पुस्तकांचे वळण हेच. याउलट ज्या फॉन्टमध्ये रेषेची जाडी जवळजवळ सारखी ठेवलेली असते, त्याला देवनागरीतला सॅन्स सेरिफ समजायला हरकत नाही.

म्हणूनच 'मथळ्यांसाठी सर्वोत्तम फुकट फॉन्ट' अशा इंग्रजी याद्यांना भुलू नये. त्यात मोंसेरात, ऑस्वल्ड ही नावे हमखास असतात. फॉन्ट देखणे आहेत, पण त्यांत देवनागरी अक्षरेच नाहीत. मराठी मजकुराला ते लावले की संगणक गुपचूप दुसराच एखादा फॉन्ट वापरतो आणि आपण मात्र ऑस्वल्ड निवडल्याच्या समाधानात राहतो.

बी बटणाचा मोह

इंग्रजी 'ओ' कितीही जाड केला तरी त्याच्या पोटात मोकळी जागा उरते. देवनागरीचे तसे नाही. वर शिरोरेघ, मध्ये गाठी आणि वळणे, खाली उकार, शिवाय जोडाक्षरांची दाटी. 'द्ध', 'क्ष', 'ष्ट्र' यांच्या पोटातल्या फटी आधीच चिमुकल्या असतात. रेषा जाड झाली की पहिला बळी त्यांचाच जातो. त्यामुळे चांगला अक्षररेखाटनकार ठळक रूप काढताना सगळ्या रेषा सरसकट फुगवत नाही. दाटीच्या जागी रेषा हळूच बारीक करतो, जोडाक्षर थोडे रुंद करतो. ही खरी मेहनत असते आणि ती दिसत नाही, म्हणूनच अक्षर चांगले दिसते.

संगणकावरचे 'बी' बटण ही मेहनत करत नाही. फॉन्टमध्ये स्वतंत्र ठळक रूप असेल तर ते बटण तेच रूप आणते. नसेल तर आहे त्याच अक्षराची कड सरसकट फुगवते. विंडोजबरोबर आलेला, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' घराघरांत पोहोचला, पण आरंभी त्याला स्वतंत्र ठळक रूप नव्हते. त्या काळातल्या कितीतरी नोटिशींचे मथळे असेच सुजलेले दिसतात. तेव्हा फॉन्ट उतरवून घेताना त्यात बोल्ड किंवा एक्स्ट्रा बोल्ड अशी वेगळी फाइल आहे ना, हे आधी पाहावे. जाडी आकड्यांत दिलेली असेल तर ४०० म्हणजे साधे, ७०० म्हणजे ठळक आणि ९०० म्हणजे सर्वांत जाड.

कोणता घ्यावा?

एकच फॉन्ट ठेवायचा असेल तर 'मुक्ता' ठेवावा. मुंबईच्या एक टाइप या गटाने तो केला आहे. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप हे त्याचे रेखाटनकार. त्यात बारीकपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत सात जाड्या मिळतात, म्हणजे मथळा, उपमथळा आणि मजकूर एकाच कुटुंबात भागतो. अक्षर फार नखरेल नाही, पण जोडाक्षरे स्वच्छ उमटतात. अहवाल, स्मरणिका, निमंत्रण कुठेही ते शोभते.

खाऊचे लेबल किंवा मुलांच्या शिबिराचे पत्रक असेल तर त्याच गटाचा 'बलू २' पाहावा. गोल, गुबगुबीत आणि हसरे अक्षर. शोकसभेच्या पत्रकाला मात्र तो चुकूनही लावू नये! याच गटाचा 'मोदक' तर नावासारखाच. अक्षरांच्या आत जेमतेम केसाएवढी फट. दोनतीन अक्षरी नाव मोठ्या आकारात लिहायचे असेल तरच तो खुलतो.

जागा कमी आणि शब्द लांब अशी अडचण फ्लेक्सवर नेहमी येते. तिथे अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे 'खंड' आणि 'टेको' हे अरुंद फॉन्ट कामी येतात. तेवढ्याच रुंदीत अक्षर अधिक उंच घेता येते, त्यामुळे लांबून वाचता येते. मात्र हेच फॉन्ट लहान आकारात लेबलावर वापरले तर अक्षरे एकमेकांना चिकटल्यासारखी वाटतात. 'पॉपिन्स'मध्ये तब्बल नऊ जाड्या आहेत, इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी असेल तिथे तो छान जुळतो. पण त्याची सर्वांत जाड पायरी मोठ्या आकारासाठीच राखून ठेवावी. शिवाय २०२२ मध्ये आलेला 'अनेक' आहेच. जाडीबरोबर त्याची रुंदीही कमीजास्त करता येते, आणि तेच वळण गुजराती, कन्नड, तमिळ लिप्यांतही मिळते. वडोदरा किंवा बंगळूरला दोन लिप्यांत फलक करणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मराठीची कसोटी

देवनागरी असली तरी हिंदीची सवय असलेल्या फॉन्टमध्ये मराठी अडखळते. मराठीतला 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या वर्णमालेविषयीच्या २०२२ च्या निर्णयातही हीच रूपे आहेत. अनेक फॉन्ट मात्र उघडताच हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' दाखवतात. काहींमध्ये दोन्ही रूपे दडलेली असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली की आपले रूप पुढे येते. लिब्रे ऑफिससारख्या विनामूल्य प्रणालीत ही नोंद सहज करता येते. परराज्यातल्या डीटीपीवाल्याला हे मुद्दाम सांगावे लागते, कारण त्याच्या डोळ्यांना त्यात काही खटकत नाही.

दुसरी परीक्षा 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'ची. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. मथळ्यात हा घोटाळा झाला तर हसे होते. तिसरी 'ॲ'ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट उमटू शकते. तेव्हा फॉन्टचे नाव कसे दिसते ते पाहण्याऐवजी 'उद्घाटन, राष्ट्रीय, कुऱ्हाड, वाङ्मय, शिल्लक, ॲप, चकल्या' हे शब्द त्यात लिहून पाहावेत.

फुकट म्हणजे किती फुकट?

वर सांगितलेले फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली दिलेले आहेत. लेबल, पुस्तक, जाहिरात अशा धंद्याच्या कामातही ते विनामूल्य वापरता येतात, परवान्याच्या मजकुरासह फाइल छापखान्याला देता येते. फक्त नुसता फॉन्ट विकायला मनाई आहे. याउलट 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' अशी अट घातलेले फुकट फॉन्टही पुष्कळ फिरत असतात. विक्रीच्या लोणच्याची बरणी हा वैयक्तिक वापर नव्हे. फॉन्टबरोबर परवान्याची फाइल येते, ती उघडून वाचायला पाच मिनिटे लागतात.

उरली मांडणी. इंग्रजी मथळ्यात अक्षरे दूरदूर ठेवण्याची फॅशन आहे, देवनागरीत तसे केले की शिरोरेघ तुटते, म्हणून तो आकडा शून्यच ठेवावा. दोन ओळींचा मथळा असेल तर ४० पॉइंटच्या अक्षराला ओळीचे अंतर ४८ ते ५० पॉइंट ठेवून पाहावे, म्हणजे वरचे उकार आणि खालच्या वेलांट्या भांडत नाहीत. छापखान्यात अजून पेजमेकर असेल तर त्यावर युनिकोड फॉन्ट चालत नाहीत. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड रेडी' ही जुळणी निवडावी लागते, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते. आणि मथळा पडद्यावर मोठा करून न पाहता खऱ्या आकारात, ज्या कागदावर छापायचा त्याच कागदावर एक प्रत काढून पाहावी. स्वस्त कागदावर शाई पसरते. 'द्ध'चे पोट तिथे बुजले तर जाडी एक पायरी खाली आणावी, ८०० ऐवजी ७०० घ्यावी आणि पुन्हा एक प्रत काढावी.