तिसरा पडदा अंधारात का राहतो?

संगणकाला तीन पडदे जोडणे ही आता केवळ हौस राहिलेली नाही. एका पडद्यावर मूळ ग्रंथ, दुसऱ्यावर त्याचा अनुवाद आणि तिसऱ्यावर कोश उघडून बसणाऱ्या अनुवादकास, किंवा एकाच यंत्रभागाच्या तीन आकृत्या शेजारीशेजारी पाहू इच्छिणाऱ्या अभियंत्यास, ही सोय हवीशी वाटल्यास नवल नाही. ग्राफिक्स कार्डाच्या मागील पट्टीवर चार खाचा असतात. तीन केबली जोडल्या जातात, संगणक सुरू होतो, दोन पडदे उजळतात आणि तिसरा काळाच राहतो. मग कार्ड सदोष ठरवून ते दुकानात परत नेले जाते. पुष्कळदा कार्ड निर्दोष असते.

सप्टेंबर २००९ मध्ये एएमडीने बाजारात आणलेले रेडिऑन एचडी ५८७० हे कार्ड या कोड्याचे चांगले उदाहरण होय. त्यावर दोन डीव्हीआय, एक एचडीएमआय व एक डिस्प्लेपोर्ट अशा चार जोडण्या होत्या आणि एका वेळी तीन पडदे चालविण्याचे सामर्थ्यही होते. मात्र त्या तिहींपैकी एक पडदा डिस्प्लेपोर्टवरच असावा लागे. ही अट निर्मात्याची लहर नव्हती. तिचे कारण चित्र पडद्यापर्यंत कसे पोहोचते, यात आहे.

१९२० × १०८० चित्रबिंदूंच्या पडद्यावर सेकंदाला ६० वेळा नवे चित्र रेखाटले जाते. परंतु केबलमधून जाणाऱ्या चित्राची मोजणी २२०० × ११२५ अशी करावी लागते. कारण प्रत्येक ओळीच्या व प्रत्येक चित्राच्या शेवटी काही काळ रिकामा सोडलेला असतो. जुन्या काचनळीच्या पडद्यात इलेक्ट्रॉनांच्या शलाकेला माघारी येण्यास ही उसंत लागे. नळी गेली, तिची उसंत मात्र हिशेबात राहिली! हा गुणाकार केला म्हणजे सेकंदाला १४ कोटी ८५ लक्ष ठोके पडतात. डीव्हीआय व एचडीएमआय या पद्धतींत बिंदू या ठोक्यांच्या तालावर पाठविले जातात आणि तो ताल धरणारे स्वतंत्र घड्याळ कार्डातच असावे लागते. उपरोक्त कार्डात अशी घड्याळे दोनच होती. खाचा चार, ताल धरणारे दोन. तिसऱ्या पडद्याने कोणाच्या ठेक्यावर चालावे?

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या डिस्प्लेपोर्ट पद्धतीने हा प्रश्न मुळातूनच बदलला. तिच्यात चित्राची माहिती लहान लहान पुडक्यांत बांधून ठरावीक वेगाने पाठविली जाते. आरंभी हा वेग प्रत्येक मार्गिकेस सेकंदाला १६२ कोटी किंवा २७० कोटी बिट असा होता. मालगाडीचे डबे भरलेले असोत वा अर्धे रिते, गाडीचा वेग तोच राहतो. तसाच हा प्रकार. माल उतरवून घेऊन योग्य तालावर मांडण्याचे काम पलीकडच्या टोकाला होते. त्यामुळे अशा अनेक खाचांना एकच घड्याळ पुरते.

येथेच ग्राहक फसतो. तिसऱ्या पडद्याला डिस्प्लेपोर्टची खाच नसेल तर तो एक स्वस्त ॲडॅप्टर आणतो. परंतु हा साधा, ‘पॅसिव्ह’ ॲडॅप्टर पुडकी सोडवीत नाही. तो जोडला आहे हे ओळखून कार्ड स्वतःच त्या खाचेतून एचडीएमआयच्या जातीचे संकेत पाठवू लागते आणि ॲडॅप्टर केवळ विद्युत्-दाब जुळवून देतो. म्हणजे पुन्हा तिसऱ्या घड्याळाची मागणी आलीच! ‘ॲक्टिव्ह’ ॲडॅप्टरमध्ये मात्र स्वतंत्र चिप असते. ती पुडकी सोडविते आणि ताल स्वतः निर्माण करते. बाहेरून दोन्ही वस्तू सारख्याच दिसतात, किंमत तेवढी निराळी असते. तेव्हा वेष्टनावरील हा एक शब्द वाचून घेणे अगत्याचे आहे. पडद्यालाच डिस्प्लेपोर्ट असेल तर सरळ केबल जोडावी, हे सर्वांत उत्तम.

एनव्हिडियाच्या सामान्य जीफोर्स कार्डांची मर्यादा त्या काळी याहून कडक, कार्डामागे दोन पडद्यांची होती. मार्च २०१२ मधील जीटीएक्स ६८० ने ती चारांवर नेली. पुढील कार्डांत डिस्प्लेपोर्टच्या खाचा वाढत गेल्या आणि ही अडचण मागे पडली. जुने कार्ड विकत घेणाऱ्यास मात्र ती आजही भेटते. खाचा मोजून निर्णय करू नये. एका वेळी किती पडदे चालतील आणि कोणत्या जोडणीवर, हे माहितीपत्रकात पाहावे.

आणखी एक लहानशी चूक वारंवार घडते. तिसरी केबल कार्डाऐवजी मदरबोर्डवरील खाचेत जाते. कार्ड बसविल्यावर पुष्कळ संगणकांत ती खाच आपोआप बंद होते. प्रोसेसरमध्ये चित्रनिर्मितीची सोय असल्यास बायॉसमधून ती पुन्हा चालू करता येते.

तिन्ही पडदे उजळल्यावर विंडोजमध्ये विंडोजची कळ व पी ही अक्षरकळ एकत्र दाबून विस्ताराचा पर्याय निवडावा, आणि डिस्प्ले सेटिंगमधील तीन चौकटी मेजावरील पडद्यांच्या क्रमानेच सरकवून ठेवाव्यात. तसे न केल्यास उजवीकडे नेलेला माउसचा बाण डावीकडच्या पडद्यावर उगवतो.