उमेदवाराचे मौन आणि अनुयायांची वाणी

निवडणुकीच्या प्रचारात जे द्वेषमूलक बोलले जाते, त्याचा बराच मोठा भाग उमेदवाराच्या मुखातून आलेला नसतो. पक्षाचे पुढारी, गल्लीतील कार्यकर्ते, मिरवणुकीत चालणारे आणि घोषणा देणारे लोक ते बोलतात. मत मात्र उमेदवाराच्या पारड्यात पडते. ज्या शब्दांचे फळ आपण घेतो, त्या शब्दांचे उत्तरदायित्व आपणावर कोठवर येते, हा प्रश्न यातून उपस्थित होतो. 'मौन ही संमती' असे आपल्याकडे परंपरेने म्हटले जाते. निवडणुकीचा कायदा हे वचन मानतो काय, मानत असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत, आणि जेथे तो मानीत नाही तेथे कोणती कसोटी लावावी, याचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील निकालांच्या आधारे करावयाचा आहे.

१. कायद्यातील संमतीची कल्पना

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम १२३ मध्ये 'भ्रष्टाचरणां'ची व्याख्या केलेली आहे. धर्म, वंश, जात, जमात अथवा भाषा यांच्या आधारे मत मागणे किंवा मत न देण्याचे आवाहन करणे हे पोटकलम (३) खाली येते; नागरिकांच्या निरनिराळ्या वर्गांत वैर किंवा द्वेष पसरविणे अथवा पसरविण्याचा प्रयत्न करणे हे पोटकलम (३-अ) खाली येते. हे दुसरे पोटकलम १९६१ च्या दुरुस्तीने घातले गेले. त्याच दुरुस्तीने पहिल्या पोटकलमातील 'पद्धतशीर' हे विशेषण गाळले, आणि त्यामुळे असे एकच आवाहनदेखील निवडणूक रद्द होण्यास पुरेसे ठरू लागले.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे आचरण कोणाचे असावे लागते ही होय. कायद्याने येथे चार पायऱ्या कल्पिल्या आहेत असे म्हणता येईल. पहिली पायरी स्वतः उमेदवार व त्याचा निवडणूक प्रतिनिधी यांची. दुसरी, या दोघांपैकी एकाच्या संमतीने बोलणाऱ्या अन्य कोणाही व्यक्तीची. या दोन्ही पायऱ्यांवर दोष सिद्ध झाला की निवडणूक रद्द होते. त्या शब्दांमुळे निकाल फिरला की नाही हे पाहण्याचे कारण उरत नाही. तिसरी पायरी, उमेदवाराच्या हितार्थ काम करणाऱ्या पण त्या कृत्यास त्याची संमती नसलेल्या प्रतिनिधीची. येथे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे सिद्ध करावे लागते. चौथ्या पायरीवर उभा असतो तो केवळ समर्थक. तो ज्याच्यासाठी घसा कोरडा करतो, त्या उमेदवाराशी कायदा त्याचा काहीही संबंध जोडीत नाही. त्याच्या शब्दांबद्दल त्याच्यावर स्वतंत्र खटला होऊ शकतो. निवडणुकीच्या संबंधात वर्गावर्गांत वैर पसरविणे हा याच अधिनियमाच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाचा अपराध आहे. पण उमेदवाराची निवड त्यामुळे धोक्यात येत नाही.

म्हणजे उत्तरदायित्वाचा सारा भार कायद्याने 'संमती' या एका शब्दावर टाकला आहे. आणि संमती ही क्वचितच लेखी दिली जाते.

२. विलेपार्ले, १९८७

या शब्दाचा अर्थ कसा लावावयाचा याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबईतील विलेपार्ले विधानसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीने पुरविले. १३ डिसेंबर १९८७ रोजी तेथे मतदान झाले. डॉ. रमेश यशवंत प्रभू निवडून आले. पराभूत उमेदवार प्रभाकर काशिनाथ कुंटे यांनी त्यांच्या निवडीस आव्हान दिले. याचिकेचा गाभा प्रभू स्वतः काय बोलले हा नव्हता. २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर व १० डिसेंबर या दिवशी प्रभू यांच्या प्रचारार्थ झालेल्या सभांत शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी केलेली तीन भाषणे हा तिचा गाभा होता.

मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी तो निर्णय कायम केला. तिन्ही भाषणे पोटकलम (३) खाली, आणि त्यांपैकी पहिले व शेवटचे पोटकलम (३-अ) खालीही भ्रष्टाचरण ठरतात, असे न्यायालयाने म्हटले. संमतीचा प्रश्न परिस्थितीवरून सोडविण्यात आला. सभा उमेदवाराच्याच होत्या, वक्ता हा त्याच्या प्रचाराचा प्रमुख होता, आणि उमेदवाराने त्यास हरकत घेतली नाही. कलम ९९ अन्वये वक्त्यालाही नोटीस देऊन दोषी म्हणून नमूद करण्यात आले, आणि पुढे १९९९ मध्ये त्याचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला.

हा निकाल 'हिंदुत्व' या शब्दाच्या अर्थासंबंधी केलेल्या विवेचनामुळेच अधिक चर्चिला गेला. आपणास त्यातील दुसरा धागा अधिक मोलाचा आहे. व्यासपीठावरचे मौन हे निरर्थक नसते, ते संमतीचा पुरावा होऊ शकते, हे तत्त्व या निकालाने मान्य केले. वक्ता आणि लाभार्थी हे दोघे भिन्न असले तरी दोघांनाही उत्तर द्यावे लागले.

ही तत्त्वे एका पक्षासाठी वा एका धर्मासाठी बनलेली नाहीत, हेही येथे ध्यानात ठेवावयास हवे. १९७२ च्या निवडणुकीत मुंबईच्या कुंभारवाडा मतदारसंघातून निवडून आलेले मुस्लिम लीगचे झियाउद्दीन बुखारी यांची निवड धार्मिक आवाहनाच्याच कारणाने रद्द झाली, आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. भेद एवढाच की तेथे आक्षेपार्ह भाषणे उमेदवाराची स्वतःची होती. तो प्रश्न पहिल्या पायरीवरच सुटला.

३. संमतीच्या मर्यादा

विलेपार्ल्याचा निकाल वाचून कोणी असे अनुमान काढील की पक्षाच्या पुढाऱ्याने केलेले प्रत्येक भाषण उमेदवाराच्या खाती जमा होते, तर ते चुकीचे ठरेल. १९९० च्या निवडणुकीतील माटुंगा मतदारसंघाच्या प्रकरणात चंद्रकांता गोयल यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. पक्षाचा मान्यवर पुढारी हा केवळ तेवढ्यावरून प्रत्येक उमेदवाराचा प्रतिनिधी होत नाही. भाषणास उमेदवाराची संमती होती हे याचिकेत स्पष्टपणे मांडले पाहिजे व सिद्ध केले पाहिजे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

दोन प्रकरणांतील अंतर शब्दांच्या तीव्रतेत शोधण्याचे कारण नाही. ते उमेदवार आणि वक्ता यांना जोडणाऱ्या दुव्यात आहे. निवडणूक याचिकेचे स्वरूप अर्धफौजदारी मानले जाते. आरोप संशयातीतपणे सिद्ध करावा लागतो, आणि याचिका निकालापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत दाखल करावी लागते. जनतेने दिलेला कौल केवळ तर्कावर फिरविला जाऊ नये, यासाठी ही कठोरता आवश्यकच आहे. परंतु तिचा एक अटळ परिणाम असा की जो उमेदवार सभेस येऊन गप्प बसतो तो अडकू शकतो, आणि जो सभेपासून दूर राहून तिचा लाभ घेतो तो सुटू शकतो.

आणखी दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. १९७५ च्या दुरुस्तीनंतर 'उमेदवार' ही संज्ञा रीतसर नामनिर्देशन झाल्यावरच लागू होते. त्यापूर्वी महिनोन्‌महिने पेरलेले विष या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. दुसरी मर्यादा कालाची. विलेपार्ल्याच्या प्रकरणात मतदान व अंतिम निकाल यांमध्ये आठ वर्षे गेली; ज्या विधानसभेवर ती निवड झाली तिची मुदत त्यापूर्वीच संपली होती. सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह प्रकरणातील कायद्याचा प्रश्न तर सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने २ जानेवारी २०१७ रोजी निर्णीत केला. धर्माच्या नावाने केलेले आवाहन मतदाराच्या धर्मास अनुलक्षून असले तरी ते निषिद्धच होय, असे त्यात ठरले. तत्त्व मोलाचे खरे. पण जो द्वेष पंधरा दिवसांत पसरतो त्याला सव्वीस वर्षांनी मिळालेले उत्तर आवर घालू शकत नाही.

४. पैशाचा हिशेब आणि शब्दांचा हिशेब

येथे निवडणूक आयोगाच्या दोन व्यवस्थांची तुलना उद्बोधक ठरेल. पक्षाच्या नामांकित प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च कलम ७७ नुसार उमेदवाराच्या खर्चात धरला जात नाही. परंतु अशा प्रचारकाच्या सभेत उमेदवार व्यासपीठावर बसला, किंवा तेथे त्याचे नाव वा छायाचित्र झळकले, तर त्या सभेच्या खर्चाचा योग्य वाटा त्याच्या नावे मांडला जातो. मागचे तत्त्व सरळ आहे: तो तेथे होता, अर्थात त्याला लाभ झाला. मंडप, ध्वनिक्षेपक व खुर्च्या यांच्या बाबतीत उपस्थिती हाच पुरावा मानला जात असेल, तर त्याच ध्वनिक्षेपकावरून गेलेल्या शब्दांच्या बाबतीत तो मानण्यास एवढा संकोच का असावा, हा प्रश्न विचारार्ह आहे.

आदर्श आचारसंहितेतही अशीच विसंगती आढळते. १९६० मध्ये केरळच्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी जिचा उगम झाला, त्या या संहितेत अनुयायांचा उल्लेख आहे. खाजगी मालकीच्या जागेवर मालकाच्या परवानगीवाचून झेंडे वा फलक लावू देऊ नयेत, आणि आपले समर्थक प्रतिपक्षाच्या सभा व मिरवणुका उधळणार नाहीत याची पक्षांनी व उमेदवारांनी खात्री करावी, असे ती सांगते. म्हणजे अनुयायांच्या हातांवर लक्ष ठेवणे हे उमेदवाराचे कर्तव्य आहेच. त्यांच्या जिव्हेविषयी मात्र तशी स्पष्ट आज्ञा नाही. भाषेवरील निर्बंध पक्ष व उमेदवार यांनाच उद्देशून आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आयोगाने प्रमुख प्रचारकांच्या भाषणांसंबंधी भारतीय जनता पक्ष व काँग्रेस या दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांना नोटिसा काढल्या. बोलणाऱ्याखेरीज बोलावणाऱ्यासही विचारणा व्हावी, ही कल्पना त्यामागे होती. पण ती पक्षाध्यक्षापाशी थांबली. मतदारसंघातील उमेदवारापर्यंत पोहोचली नाही.

५. प्रतिबंधाची कसोटी

मग अधिक योग्य कसोटी कोणती? ती बाहेरून आणण्याचे कारण नाही. अधिनियमातच ती आहे. कलम १०० च्या पोटकलम (२) मध्ये प्रतिनिधीच्या भ्रष्टाचरणामुळे अडचणीत आलेल्या उमेदवाराला सुटकेचा एक मार्ग ठेवला आहे. ते कृत्य आपल्या आज्ञेविरुद्ध व संमतीवाचून घडले, आणि असे आचरण टाळण्यासाठी आपण सर्व वाजवी उपाय योजले होते, हे त्याने न्यायालयास पटवून दिले पाहिजे. या तरतुदीत उत्तरदायित्वाची एक वेगळी कल्पना आहे. 'तुम्ही होकार दिला होता काय?' या प्रश्नाऐवजी ती 'तुम्ही थांबविण्यासाठी काय केले?' असे विचारते.

या कसोटीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की हजारो समर्थकांची तोंडे एक मनुष्य धरू शकत नाही. हे खरे आहे. म्हणूनच कायदा 'वाजवी' उपाय मागतो, अशक्य नव्हे. आपल्या सभेत अनुचित घोषणा झाली असता तेथेच उठून ती नाकारणे, त्या कार्यकर्त्याला पुढील प्रचारातून दूर करणे, आणि आपल्या नावाने फिरणाऱ्या पत्रकाचा वा संदेशाचा जाहीर इन्कार करणे, एवढे कोणाही उमेदवाराच्या हाती असते. दुसरा आक्षेप असा की प्रतिपक्ष आपलीच माणसे समर्थकांचा वेष देऊन घुसवील. हा धोका काल्पनिक नाही. पण त्यावरील उपायही तोच आहे. ज्याने जाहीरपणे नाकारले त्याला बनावट समर्थकाचे भय नाही. जो गप्प राहिला त्याचा खरा समर्थक कोणता व बनावट कोणता, हे कोणासच सांगता येत नाही.

ही कसोटी चौथ्या पायरीवरील समर्थकांस लावून निवडणुका रद्द कराव्या, असे येथे सुचवावयाचे नाही. तसे केल्यास याचिकांना अंत राहणार नाही. परंतु आचारसंहितेने अनुयायांच्या हातांविषयी जे कर्तव्य सांगितले तेच त्यांच्या वाणीविषयी सांगावे, आणि मतदाराने आपल्यापुरती ही कसोटी आजच वापरावी, यास कोणताही प्रत्यवाय नाही.

६. लहान मतदारसंघातील प्रश्न

वर उल्लेखिलेली सर्व प्रकरणे मुंबईची आहेत. पण प्रश्न मुंबईपुरता नाही. बदलापूरच्या पश्चिम भागातील बेलवलीचे उदाहरण घेऊ. येथील मतदार लोकसभेसाठी भिवंडी आणि विधानसभेसाठी मुरबाड मतदारसंघात मत देतो, आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेसाठी आपल्या प्रभागात. पहिल्या दोन निवडणुकांना १९५१ चा अधिनियम लागू होतो. तिसरी राज्य निवडणूक आयोगामार्फत, राज्याच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार होते. लोकसभेच्या उमेदवाराला बेलवलीच्या एखाद्या गल्लीत आपल्या नावाने काय बोलले गेले ते ठाऊक नसणे संभवनीय आहे. प्रभागातील उमेदवाराला ते ठाऊक नाही असे कोण म्हणेल? तेथे समर्थक म्हणजे शेजारी, नातलग, एकाच गाडीने रोज कामावर जाणारे सोबती. संमतीचे अनुमान जेथे सर्वांत सोपे, तेथेच याचिका करण्याचे धैर्य व साधने सर्वांत कमी असतात. आणि मतमोजणी संपल्यावर पुढारी आपल्या गावी परततात. ज्यांनी शिव्या दिल्या आणि ज्यांना त्या मिळाल्या, ते मात्र त्याच आळीत राहतात.

म्हणून लहान मतदारसंघात उमेदवाराच्या एका वाक्याचे मोल न्यायालयाच्या निकालाहून अधिक ठरते. 'हे माझ्यासाठी बोलू नका' असे त्याने वेळीच म्हटले, तर त्याच्या समर्थकाला मर्यादा कळते आणि ज्याच्याविरुद्ध बोलले गेले त्याला अभय मिळते. न म्हटले, तर त्या मौनाचा अर्थ लावण्यास मतदाराला न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. संमती सिद्ध करण्याचा भार कायद्याने याचिकाकर्त्यावर ठेवला आहे. असंमती प्रकट करण्याचा भार उमेदवाराने स्वतःहून उचलावयाचा आहे.