टाकी गेली म्हणून बिल अर्धं होत नाही

थंडी पडायला लागली की इलेक्ट्रिकच्या दुकानात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरू लागतो. ‘टाकीचा गीझर काढा, इन्स्टंट बसवा, बिल अर्ध्यावर येतं.’ कारणही सांगणाऱ्याला तोंडपाठ असतं : टाकीतलं पाणी दिवसभर तापत राहतं, त्याची वीज फुकट जाते, टाकीच नसली तर वाया काय जाणार? ऐकायला बिनतोड. म्हणूनच हा सल्ला दरवर्षी नव्याने उगवतो आणि दरवर्षी तेवढाच चुकीचा असतो.

हा तर्क मुळात अमेरिकेतल्या घरांसाठी केलेला आहे. तिथे तळघरात दीडशे-पावणेदोनशे लिटरची टाकी असते आणि ती वर्षाचे बारा महिने, दिवसाचे चोवीस तास चालू असते. कोणी अंघोळ करो वा न करो, पाणी गरमच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेले आकडे असे : दिवसाला ४१ गॅलन, म्हणजे साधारण १५५ लिटर किंवा त्याहून कमी गरम पाणी वापरणाऱ्या घरात बिनटाकीचा हीटर २४ ते ३४ टक्के अधिक कार्यक्षम ठरू शकतो; ८६ गॅलनच्या आसपास वापर असेल तर हाच फायदा ८ ते १४ टक्क्यांवर येतो. म्हणजे जिथे ती अगडबंब टाकी अहोरात्र तापते, तिथेही या आकड्यांनुसार फायदा फार तर एक तृतीयांश. ‘अर्धं बिल’ यातून निघत नाही.

आपल्याकडचं चित्र काय? न्हाणीघरात वर टांगलेली १० किंवा १५ लिटरची टाकी. सकाळी कोणीतरी बटण दाबतं, घरादाराच्या अंघोळी उरकतात आणि शेवटच्या माणसाला आतून ओरडून विचारलं जातं, ‘गीझर बंद केलास का?’ ज्या घरात हा प्रश्न रोज विचारला जातो, तिथे अमेरिकन टाकीचं दुखणंच नाही. मग त्यावरचं औषध कशाला?

आता आकडेमोड करू. शाळेतली आहे, घाबरू नका. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि ३,६०० किलोज्यूल म्हणजे विजेचं एक युनिट. चार माणसांचं घर, प्रत्येकाला एक मोठी बादली, म्हणजे २० लिटर. नळाचं पाणी २२ अंशांचं, अंगावर घ्यायचं ४० अंशांचं. ८० लिटर पाणी १८ अंशांनी तापवायचं, तर रोज सुमारे १.७ युनिटं लागतात. महिन्याला पन्नास. हे पन्नास युनिट टाकीचा गीझर घेतो, इन्स्टंट घेतो, बादलीत सोडायची कॉइल घेते, सगळे तेवढेच घेतात. विजेच्या कॉइलमधली जवळपास सगळी ऊर्जा पाण्यातच उतरते. त्यात आणखी काटकसर करणारी कॉइल अजून कोणी बनवलेली नाही, जाहिरातीत काहीही म्हणोत.

उरली टाकीतून झिरपणारी उष्णता. ती मोजायची पद्धत ठरलेली आहे : पाणी खोलीपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापवून ठेवायचं आणि चोवीस तासांत किती वीज खर्च होते ते बघायचं. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीच्या लेबलवर हाच आकडा छापलेला असतो, पण तो वाचतो कोण? चांगल्या १५ लिटरच्या पंचतारांकित गीझरमध्ये हा तोटा दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. म्हणजे गीझर महिनाभर अखंड चालू ठेवण्याचा वेडेपणा केला, तरी १५ युनिटं. पन्नास कामाची, पंधरा वायाची. ती सगळी पंधरा वाचवलीत तरी गीझरचा खर्च पाव हिश्शानेही उतरत नाही, आणि घरात फ्रिज, पंखे, टीव्ही असतातच. एकूण बिलात तर तो फरक आणखी पातळ होतो. बटण वेळेवर बंद करणाऱ्यांचं नुकसान याहूनही कमी. शेवटच्या अंघोळीनंतर टाकीत जे गरम पाणी उरतं तेच हळूहळू निवतं, बाकी काही नाही. ते उरूच नये असं वाटत असेल तर शेवटच्या माणसाने अंघोळीला बसतानाच बटण बंद करावं. खर्च शून्य.

प्रामाणिकपणे एक अपवाद सांगायला हवा. दहा-पंधरा वर्षं जुना, आतलं आवरण खराब झालेला गीझर असेल आणि घरात तो दिवसभर चालूच राहत असेल, तर रोज एक युनिट किंवा त्याहून जास्त वाया जाऊ शकतं. शंभर युनिटांच्या पुढे महावितरणचा दर एकदम वर चढतो, त्यामुळे ही तीस-पस्तीस युनिटं बिलात टोचतात. पण त्यावर उपाय म्हणजे नवा ५ स्टार गीझर, किंवा साधा टायमर.

इथेच एक जुळा गैरसमज भेटतो : ५ स्टारचा गीझर कमी विजेत पाणी तापवतो. नाही. तो तापवलेलं पाणी जास्त वेळ तापलेलं ठेवतो, एवढंच. तारे या झिरपणाऱ्या उष्णतेलाच दिलेले असतात आणि तेही ६ ते २०० लिटरच्या साठवणीच्या गीझरना. एक किंवा तीन लिटरच्या इन्स्टंटवर हे लेबल शोधत बसू नका.

एक लिटर, तीन लिटर? मग ही टाकी नाही का? आहेच. आपल्याकडे इन्स्टंट म्हणून जे विकलं जातं त्यात बहुतेकदा छोटीशी टाकी आणि तीन किलोवॅटची कॉइल असते. म्हणून तर नळ सोडला की पहिले दोन-तीन लिटर कढत येतात, आपण खूश होऊन विसण घालतो आणि मग धार कोमट होत जाते. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, ‘नळ बारीक ठेवा.’ हे मात्र तो अगदी खरं सांगतो.

कारण ‘इन्स्टंट म्हणजे हवं तेवढं गरम पाणी, लगेच’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. हवं तेवढं मिळतं, पण हव्या त्या वेगाने मिळत नाही. तीन किलोवॅटच्या कॉइलला मुंबईत २५ अंशांचं पाणी ४० वर न्यायचं असेल, तर मिनिटाला जेमतेम २.९ लिटरची धार मिळते. वीस लिटरची बादली सात मिनिटांत भरते. चालण्यासारखं आहे. पण जानेवारीत निफाडला या. पारा एक आकडी, टाकीतून येणारं पाणी समजा १५ अंशांचं. तीच कॉइल आता मिनिटाला १.७ लिटर देते आणि बादलीला बारा मिनिटं लागतात. चार माणसं, पाऊण तास, तोवर शाळेची बस गेलेली. उलट १५ लिटरच्या टाकीत पाणी ६० अंशांवर तापवून ठेवलं, की मुंबईत विसण घालून त्याचं ४० अंशांचं ३५ लिटर पाणी होतं आणि ते हव्या त्या जोराने घेता येतं. जुन्या तांब्याच्या बंबाला हे गणित पाठ होतं : पाणी आधी सावकाश तापवून ठेवा, मग सढळ हाताने वापरा, आणि एक तांब्या काढला की वरून एक तांब्या गार ओता. आजच्या गीझरमध्येही गार पाणी आत शिरतं तेव्हाच गरम बाहेर पडतं.

शॉवरसाठी खराखुरा बिनटाकीचा विजेचा हीटर हवा असेल, तर मिनिटाला १० लिटरच्या शॉवरला मुंबईच्या पाण्यातही साडेदहा किलोवॅट लागतात. म्हणजे ४५ अँपिअर. तुमच्या गीझरचा प्लग १६ अँपिअरचा आहे. परदेशातला व्हिडिओ पाहून असा हीटर मागवण्याआधी इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा. थ्री फेज, स्वतंत्र वायर आणि नवा ब्रेकर यांचा हिशोब ऐकून बहुतेकांचा उत्साह न्हाणीघराच्या दारातच थांबतो.

बाकीचे गैरसमज चिल्लर आहेत. ‘तीन किलोवॅटचा गीझर दोन किलोवॅटपेक्षा जास्त वीज खातो’ : तो पाणी लवकर तापवून लवकर थांबतो, युनिटं तेवढीच. ‘टाकी नाही म्हणजे क्षार साचणार नाहीत’ : बोअरच्या पाण्याचे क्षार कॉइलवर साचतात, आणि कॉइल इथेही आहेच. ‘थर्मोस्टॅट वाढवला की पाणी लवकर तापतं’ : वेग तोच राहतो, फक्त ते थांबतं उशिरा. ‘प्लास्टिकच्या बॉडीला अर्थिंग लागत नाही’ : लागतं, सोबत वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही लावा आणि या वाक्यावर कोणाशी वाद घालू नका.

गॅस गीझर मात्र एका ओळीत उरकता येणार नाही. आपल्या बाजारातला खऱ्या अर्थाने बिनटाकीचा, शॉवरला पुरेल असा हीटर हाच. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो, म्हणजे तेच साडेदहा किलोवॅट, तेही वायरिंगला हात न लावता. पैशांचा हिशोबही सोपा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली ऐंशी टक्के उष्णता पाण्यात उतरली असं धरलं, तर ती सुमारे १४५ युनिटांइतकी होते. सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा आणि वीजबिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराशी ताडून पाहा. बऱ्याच घरांत गॅस स्वस्त पडेल. एक अडचण वरच्या मजल्यावर येते. पुरेसा प्रवाह असल्याशिवाय हा गीझर पेटतच नाही आणि गच्चीवरची टाकी डोक्यावर तीन मीटर असेल तर दाब मिळतो तो जेमतेम ०.३ बार.

पण ‘गॅस गळला तर वास येईलच की’ असं म्हणत जो माणूस हा गीझर न्हाणीघराच्या आत, दार-खिडकी बंद होते अशा जागी बसवतो, त्याच्याशी मी सौम्यपणे बोलू शकत नाही. वास येतो तो न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. जीव घेतो तो अर्धवट जळण्यातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड; त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट धरतो. गरगरल्यासारखं वाटेपर्यंत कडी काढायची ताकदही उरलेली नसते. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात आणि बातमीत ‘गुदमरून’ लिहिलेलं असतं, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की खिडकी इंचभर उघडी ठेवली की भागलं. भागत नाही. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, बाल्कनीत किंवा हवेशीर ड्राय एरियात बसवायचा, धुराचं नळकांडं थेट बाहेर काढायचं आणि आत फक्त पाण्याचा पाइप न्यायचा. अशी जागा घरात नसेल तर गॅस गीझर घेऊ नका, तो कितीही स्वस्त पडो.

मग बदल कोणी करावा? स्वयंपाकघराच्या सिंकखाली, भांड्यांपुरतं आणि हात धुण्यापुरतं गरम पाणी हवं असेल, तर तीन लिटरचा इन्स्टंट झकास आहे. त्यासाठी १५ लिटरची टाकी तापवणं खरोखरच उधळपट्टी. एकट्यादुकट्या माणसाच्या, कोकणातल्या किंवा मुंबईतल्या, बादलीने अंघोळ करणाऱ्या घरालाही तो पुरतो. चार माणसं, शॉवर, नाशिक-पुण्याची थंडी, असं असेल तर टाकी राहू द्या. आणि युनिटं खरोखरच निम्म्याने कमी करायची असतील तर ते काम हीट पंप करतो, जो एका युनिट विजेवर बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून अडीच-तीन युनिटांइतकी उष्णता पाण्यात घालतो, किंवा गच्चीवरचा सोलर, पावसाळा सोडून. गंमत म्हणजे या दोघांनाही टाकी लागते, आणि चांगली मोठी लागते.