सागरतळाचे निदान

समुद्रात बुडालेल्या खजिन्याचे आकर्षण माणसाला फार जुने आहे. पूर्वी अशा शोधासाठी जहाज लागे, खलाशी लागत आणि जिवावर उदार होण्याची तयारी लागे. २००५ मध्ये ‘गूगल अर्थ’ घरच्या संगणकावर उपलब्ध झाले, २००९ मध्ये आपल्या इस्रोने ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केले, आणि हा शोध खुर्चीत बसूनही करता येईल अशी समजूत जगभर पसरली. अमेरिकेत २००६ मध्ये एका हौशी शोधकाने टेक्सासच्या किनाऱ्यालगत चिखलात रुतलेल्या खजिन्याच्या जहाजाचा आकार उपग्रहचित्रात दिसल्याचा दावा केला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. खजिना मात्र वर आला नाही.

गोव्यात राहणाऱ्यांना हा विषय परका वाटू नये. सोळाव्या व सतराव्या शतकांत पूर्वेकडील समुद्री व्यापाराचे एक मुख्य टोक आपल्या मांडवीच्या मुखाशी होते. तेव्हा प्रश्न दोन उभे राहतात. आकाशातून घेतलेल्या चित्रांवरून बुडालेली जहाजे खरोखर सापडतात का? आणि सापडलीच, तर त्यांतला खजिना नेमका कशाला म्हणायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यक व्यवसायातील मंडळींना ओळखीचे वाटेल; दुसऱ्याचे उत्तर आपल्या किनाऱ्याच्या भवितव्याशी निगडित आहे.

गोव्याच्या वाटेवरची जहाजे

लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेली पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेला वळसा घालून पावसाळा सरता सरता गोव्याला लागत. परतीचा प्रवास डिसेंबर-जानेवारीत सुरू होई. सहा महिन्यांच्या या वाटेवर वादळे, खडक, लुटारू आणि रोगराई यांनी अनेक जहाजांचा घास घेतला.

१५११ मध्ये मलाक्का जिंकून परतणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कचे ‘फ्लोर द ला मार’ हे जहाज सुमात्राच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटले. आल्बुकर्क वाचला, मलाक्काच्या लुटीसह जहाज बुडाले ते आजतागायत सापडलेले नाही. त्याआधी १५०३ मध्ये वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीतील ‘एस्मेराल्दा’ ओमानच्या एका बेटाजवळ बुडाले होते. ते स्थळ १९९८ मध्ये सापडले, २०१३ पासून तेथे शास्त्रीय उत्खनन झाले आणि जहाजावरची घंटा व नौकानयनाची चकती यांचा अभ्यास करता आला.

सर्वांत बोलके उदाहरण नामिबियाचे आहे. २००८ मध्ये तेथील हिऱ्यांच्या खाणीत, समुद्र बांध घालून मागे हटवलेल्या वाळूत, एक जहाज सापडले. १५३३ मध्ये लिस्बनहून भारताकडे निघालेले ‘बॉम जेझुस’ ते हेच असावे, असे अभ्यासक मानतात. त्यात दोन हजारांहून अधिक सोन्याची नाणी, टनावारी तांबे आणि शंभराहून अधिक हस्तिदंत मिळाले. वर्तमानपत्रांत गाजली ती नाणी. परंतु २०२० मध्ये त्या दातांच्या जनुकीय तपासणीतून ते पश्चिम आफ्रिकेच्या जंगली हत्तींचे, किमान १७ वेगवेगळ्या कळपांतील असल्याचे उघड झाले. पाच शतकांपूर्वीच्या प्राण्यांची ही हकीगत कोणत्याही दप्तरात लिहिलेली नव्हती.

यांपैकी एकही जहाज उपग्रहाने शोधलेले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आकाशातून काय दिसते?

उपग्रहावरील कॅमेरा परावर्तित प्रकाश टिपतो. पाणी प्रकाश शोषून घेते. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो, निळा-हिरवा त्याहून खोल जातो. प्रवाळबेटांभोवतीच्या नितळ पाण्यात वीस-तीस मीटरांपर्यंतचा तळ दिसू शकतो. गढूळ पाण्यात ही मर्यादा फार लवकर येते. रडारचे तरंग तर खाऱ्या पाण्यात शिरतच नाहीत. बुडालेल्या जहाजातून गळून पृष्ठभागावर पसरलेला तेलाचा तवंग मात्र ते ओळखू शकतात.

आपला किनारा या दृष्टीने अवघड आहे. पावसाळ्यात तेरेखोल, शापोरा, मांडवी आणि जुवारी या नद्या जांभ्या दगडाची तांबडी माती समुद्रात आणून ओततात. डिचोलीच्या खाणपट्ट्यातील बारीक कणही ओढ्यानाल्यांतून मांडवीला मिळत आले आहेत. पाऊस ओसरल्यावर पाणी निवळते, तरी ते मालदीवसारखे आरपार होत नाही.

तथापि हा गाळच कधी कधी वाटाड्या ठरतो. बेल्जियमच्या झीब्रुग बंदराजवळचा समुद्र असाच गढूळ आहे. तेथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, उथळ तळाशी पडलेल्या जहाजामुळे भरती-ओहोटीच्या प्रवाहाला अडथळा होतो, भोवती खळगे पडतात, त्यांत साचलेला गाळ ढवळून वर येतो आणि त्याचे लांबलचक पट्टे पाण्यावर उमटतात. ‘लँडसॅट-८’ उपग्रहाच्या चित्रांत असे पट्टे चार किलोमीटरपर्यंत दिसले. जहाज स्वतः दिसत नव्हते; त्याने उठवलेले लक्षण दिसत होते. ती जहाजे आधीच ठाऊक होती आणि सुमारे पंधरा मीटर खोलीपर्यंतच ही पद्धत उपयोगी पडली, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे.

आपल्याकडे उपग्रहाला सहज दिसलेले जहाज म्हणजे ‘रिव्हर प्रिन्सेस’. ६ जून २००० रोजी कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्यावर रुतलेले हे लोखंडी धूड सुमारे बारा वर्षे तेथेच होते. त्या काळातील उपग्रहचित्रांत ते आजही पाहता येते. पण त्याचा बराचसा भाग पाण्यावर होता. चारशे वर्षांपूर्वीच्या लाकडी जहाजाची स्थिती वेगळी असते. उबदार समुद्रात लाकूड पोखरणारे किडे काही वर्षांतच सांगाडा फस्त करतात. उरतात त्या तोफा, नांगर, भांडी आणि दगड, तेही खडकांच्या कपारींत विखुरलेले. ‘सेंटिनेल-२’ या उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका दहा मीटरांचा असतो. त्यात अशी तोफ दिसण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. सबब, उपग्रहचित्र ही चाळणी चाचणी आहे. तिच्यावरून संशय घ्यावा, निदान करू नये.

ध्वनीची तपासणी

पुढची पायरी ध्वनीची, आणि येथे समुद्रशास्त्र व वैद्यक यांचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर पाण्यातील अडथळे प्रतिध्वनीने ओळखण्याच्या खटपटीला वेग आला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लान्जव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकातून श्रवणातीत ध्वनी निर्माण केला. त्याच तत्त्वावर पुढे कारखान्यांत धातूतील दोष शोधणारी यंत्रे आली, आणि ग्लासगो या जहाजबांधणीच्या शहरात डॉ. इयान डोनाल्ड यांनी तसले यंत्र रुग्णाच्या पोटावर ठेवले. १९५८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आज आपल्या प्रत्येक तालुक्यात होणारी सोनोग्राफी ही सोनारची धाकटी बहीण आहे.

समुद्रात हे यंत्र बोटीमागे ओढले जाते आणि दोन्ही बाजूंच्या तळाचे ध्वनिचित्र उमटते. सोबत चुंबकत्वमापक असतो. गाळाखाली तोफ वा नांगर असेल, तर पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात झालेला सूक्ष्म फरक तो टिपतो. शेवटी पाणबुड्या खाली उतरतो, हाताने चाचपतो, मोजमापे घेतो. रुग्णाला प्रत्यक्ष तपासण्याला जसा पर्याय नाही, तसा यालाही नाही.

सुंचीच्या खडकावर

दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ ची. लोथलचे उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८१ पासून तेथे सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले. मुरगावजवळच्या समुद्रातील ‘सुंची रीफ’ या खडकाळ जागेवर संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जे शोधून काढले, ते गोमंतकाच्या इतिहासातील एक मोलाचे प्रकरण आहे. पाणी अवघे तीन ते सहा मीटर खोल. त्यात तोफा, बंदुकांच्या नळ्या, नांगर, चिनी मातीची भांडी, ब्रह्मदेशातील मर्तबानचे रांजण, काचेच्या बाटल्यांचे तळ, घडीव दगड, हत्तीचे दात आणि पाणघोड्याचे दात मिळाले. उष्णदीप्ती पद्धतीने भांड्यांचे वय सुमारे ३६० वर्षे, चाळीस वर्षे मागेपुढे, असे आले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील हे पोर्तुगीज जहाज होते, असा निष्कर्ष निघाला.

सोन्याचा हंडा तेथे नव्हता. पण चीन, ब्रह्मदेश, आफ्रिका आणि युरोप हे सारे एका खडकावर एकत्र आले होते. पाणघोड्याचे दात कशासाठी, असे आपल्यापैकी दंतवैद्य विचारतील. ते हस्तिदंताहून कठीण असतात व लवकर पिवळे पडत नाहीत. कोरीव कामाबरोबरच युरोपात पुढे त्यांच्या कवळ्याही बनत. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची एक कवळी अशाच दाताची होती.

सेंट जॉर्ज बेटाजवळच्या खडकावर दुसरे स्थळ मिळाले. तेथे भाजलेल्या मातीच्या खांबांचे तुकडे, स्तंभशीर्षे, कौले आणि विटा होत्या, आणि त्यांवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५’ अशी अक्षरे. पेडणे-डिचोलीतील जुन्या घरांवर जी मंगळुरी कौले आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो, तीच घेऊन येणारे हे जहाज. खजिन्याच्या शोधकाने ती विटा-कौले लाथेने बाजूला सारली असती. इतिहासकाराला मात्र एका काळातील घरे कशी बांधली गेली, याचा पुरावा त्यांत मिळाला.

बुडालेल्यांतील एक वाचलेला

जहाजांबरोबर माणसेही बुडत, आणि जी पोहोचत त्यांतील कित्येक रक्तपिती रोगाने जर्जर झालेली असत. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीतील बहुसंख्य खलाशी परत गेलेच नाहीत. या रोगावर लिंबूवर्गीय फळांचा गुण जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये बारा रुग्णांवरील प्रयोगातून दाखवला, तोवर अडीचशे वर्षे लोटली होती.

फ्रान्स्वा पिरार या फ्रेंच प्रवाशाचे जहाज १६०२ मध्ये मालदीवजवळ फुटले. काही वर्षे तेथे अडकून पडल्यावर तो १६०८ मध्ये आजारी अवस्थेत गोव्याला आला आणि राजेशाही इस्पितळात दाखल झाला. आल्बुकर्कच्या काळात सुरू झालेल्या त्या इस्पितळाची स्वच्छता, आहार आणि शुश्रूषा यांचे त्याने केलेले कौतुकभरले वर्णन आजही वाचायला मिळते. गोव्याच्या वैद्यकीय इतिहासाचे हे महत्त्वाचे साधन आपल्याला मिळाले, कारण बुडालेल्या जहाजातील एक माणूस तगला व त्याने लिहून ठेवले. जे तगले नाहीत त्यांची साक्ष समुद्रतळावरच आहे.

आपल्या किनाऱ्याचे काय?

वर उल्लेखिलेली दोन्ही स्थळे मुरगावच्या परिसरातील आहेत. पण समुद्री इतिहास काही मुरगावला संपत नाही. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांनी नदीच्या मुखावर नजर ठेवण्यासाठीच बांधला. १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला. डिचोली व पेडणे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या काबिजादीत सामील झाले. तोवर या नद्यांतून आणि हरमल-मोरजीसमोरच्या पाण्यातून गलबते, मचवे, पडाव यांची ये-जा दुसऱ्याच सत्तेच्या निशाणाखाली चाले. पोर्तुगीज नौकांची निदान कागदपत्रे तरी आहेत; आपल्या पूर्वजांच्या या लहान नौकांच्या नोंदी तुरळक. त्यांचे अवशेष हाच त्यांचा बखरकार.

हे अवशेष नाजूक असतात. शतकानुशतके खाऱ्या पाण्यात राहिलेले लोखंड, लाकूड वा हस्तिदंत बाहेर काढून वाळू दिले, तर क्षार स्फटिकरूप होतात आणि वस्तू भुगा होऊन जाते. महिनोन्‌महिने गोड्या पाण्यात ठेवून क्षार काढावे लागतात. शिवाय वस्तू जागेवरून हलली की तिची साक्ष पुसली जाते. शरीरात घुसलेला सुरा रस्त्यावर उपसू नये, हे आपण प्रथमोपचारात शिकवतो; तोच नियम येथे लागू आहे. शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेला वारसा शक्यतो जागीच जपावा आणि त्याचा व्यापार करू नये, असे युनेस्कोच्या २००१ च्या करारानेही म्हटले आहे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन आपल्याकडे १८७८ च्या कायद्याने घातलेले आहे, आणि पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीवर १९७२ च्या कायद्याचे नियंत्रण आहे.

मग उपग्रहचित्रांचा आपल्याला उपयोग काय? पुष्कळ आहे. निरनिराळ्या वर्षांची चित्रे शेजारी ठेवली की नदीमुखातील वाळूचे दांडे कसे सरकले, किनारा कोठे खचला, जुना धक्का कोठे गाळाखाली गेला, हे कळते. कोठे शोधावे आणि कोठे खोदकाम टाळावे, हे ठरवण्यास ते पुरेसे आहे. शाळा-महाविद्यालयांतील मुलेही हे काम करू शकतील.

आणि निदानाची पहिली पायरी तर आपल्या हाती आहेच. ती म्हणजे रुग्णाची हकीगत. दक्षिण कोरियातील सिनान येथील चिनी मालाने भरलेले प्रसिद्ध जहाज १९७५ मध्ये एका कोळ्याच्या जाळ्यात आलेल्या भांड्यांमुळे उजेडात आले. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी येथील रापणकार आणि नारवे-डिचोलीकडचे होडीवाले आपल्या दवाखान्यांत रोज येतात. जाळे नेमके कोठे अडकते, कोठल्या खडकाला वाडवडील कोणत्या नावाने ओळखत, कोठे जुने खापर वर आले, हे त्यांना ठाऊक असते. औषधाची चिठ्ठी लिहून झाल्यावर दोन मिनिटे थांबून हे विचारावे, टिपून ठेवावे आणि दोनापावलच्या संशोधकांपर्यंत पोहोचवावे. ही माणसे आता वृद्ध होत आहेत. उपग्रह दर काही दिवसांनी त्याच जागेवरून पुन्हा फिरेल. त्यांच्या आठवणी मात्र पुन्हा मिळणार नाहीत.