गरीब घोडा आणि त्याचे नवे ठाण

ऐरोलीसारख्या सेक्टरांच्या वस्तीत घोडा दृष्टीस पडतो तो बहुधा लग्नाच्या वरातीतच. तथापि येथून कर्जत-मुरबाडकडे थोडीफार जमीन घेऊन तीवर टुमदार घर बांधणाऱ्या मंडळींच्या मुखातून एक विधान मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचा परामर्श घेतल्यावाचून आता राहवत नाही. ‘घोडा शिकलेला आणि गरीब असला म्हणजे तो कोणाकडेही राहतो, जागा आहे, गवत आहे, आणखी काय पाहिजे?’ हे ते विधान. खेदाची गोष्ट अशी, की ज्यांना आपला घोडा दुसऱ्याच्या हवाली करावयाचा असतो तेही याच समजुतीने पहिल्या मागणाऱ्याच्या हाती लगाम देऊन मोकळे होतात.

घोड्याचा गरीबपणा हा त्याच्या अंगाच्या रंगाप्रमाणे जन्मजात व अढळ असतो, हे या विधानातील गृहीतच मुळी चुकीचे आहे. माथेरानला दस्तुरी नाक्यावर मोटार सोडून ज्यांनी घोड्यावरून मुलांना फिरविले असेल, त्यांनी एवढे आठवून पाहावे : तो घोडा अनोळखी मुलाला पाठीवर घेऊन निमूट चालतो, कारण तो रोज चालतो, इतर घोड्यांच्या सोबतीने चालतो, श्रमाच्या मानाने दाणा खातो आणि त्याच्या तोंडाशी त्याचा ओळखीचा माणूस असतो. यांतील एकेक गोष्ट काढून घेतली, म्हणजे त्याला एकट्याला कुंपणात उभे केले, आठवडाभर काम न देता कौतुकाने चंदी मात्र दुप्पट केली, आणि रविवारी लगाम कधी न धरलेल्या माणसाने त्याच्यावर मांड ठोकून दोन्ही टाचा मारल्या व भीतीने लगामही खेचला, तर तोच घोडा उधळू लागतो, चावू लागतो, खोगीर पाहताच पाठ फिरवितो. मग ‘आम्हाला फसविले, घोडा नाठाळ निघाला’ अशी तक्रार होते, आणि घोडा दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या हाती जात राहतो. वस्तुतः शिक्षण घोड्याला दिले तसे नव्या धन्यालाही द्यावे लागते.

‘गवत आहे’ या म्हणण्याचीही तीच गत. सुमारे 400 किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला 6 ते 8 किलो कोरडी वैरण आणि 20 ते 40 लिटर पाणी लागते, आणि तेही वर्षाचे बाराही महिने. कोकणपट्टीतील डोंगर मात्र चार महिने हिरवे आणि नंतर करडे. घोड्याला ओकारी होत नाही. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर किंवा वाढीव दाण्यावर त्याला एकाएकी सोडले, तर पोटशूळ उठून तो दगावू शकतो, अथवा खुरांत दाह होऊन जन्माचा लंगडा होऊ शकतो. ज्यांना हे आधुनिक पशुवैद्यांचे अवडंबर वाटते, त्यांनी शिवाजीमहाराजांनी चिपळूणनजीकच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र पाहावे. दाणा-वैरण आताच मनास येईल तशी उधळाल, तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्यातील आशय आहे. त्यांच्याच फौजेत पंचवीस स्वारांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याचे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. घोडा ठेवणे म्हणजे पाणी आणि खूर यांची तजवीज आधी करणे, हे त्या काळच्या सरकारास ठाऊक होते. आज सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावयास नालबंद कोठून येणार, हा प्रश्न घोडा मागावयास आलेल्या बहुतेकांच्या मनात डोकावलेलाही नसतो.

घेणाऱ्याने आणखी एक जाणावे. विकावयास आणलेला घोडा शांत दिसतो तो कधी उपासमारीने, कधी दुखण्याने, तर क्वचित गुंगीच्या औषधानेही. म्हणून पशुवैद्याकडून दात, पाय, श्वास आणि संशय आल्यास रक्तही तपासून घ्यावे. घोडा ठाणावर कसा उभा राहतो, खरारा कसा करू देतो व खोगीर कसे घालू देतो, आधी मालक स्वार असता आणि मग आपण बसल्यावर कसा चालतो, हे निरनिराळ्या दिवशी पाहावे.

किरकोळ गैरसमजांचा निकाल थोडक्यात लावता येईल. शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा म्हातारा नसतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धावू लागतो, अनेकदा सहा-सात वर्षांचा होण्याआधीच मैदान सोडतो आणि पुढे पंचवीस वर्षांचा होईतो जगू शकतो, मात्र त्याला सैरीसाठी नव्याने शिकवावे लागते. घोड्याच्या केसांतील भोवऱ्यांच्या शुभाशुभाला स्वभावाशी जोडणारा ठोस पुरावा नाही, आणि तरीही अंगावर ‘वाईट’ भोवरा आहे एवढ्यासाठी उत्तम जनावर नाकारले जाते, याचा मला संताप येतो. घोडा उभ्यानेच झोपतो हे अर्धसत्य आहे; गाढ झोपेसाठी त्याला कोरड्या जागी आडवे व्हावेच लागते.

हवाली करण्याचे काम भावनेवर न सोडता कागदावर आणावे. मुंबई उच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या, तेव्हा गाडीवानांबरोबर घोड्यांच्या पुनर्वसनाचाही विचार करण्यास शासनाला फर्माविले होते. जे शासनाने करावे तेच खासगी मालकानेही करावे. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा जीवघेणा रोग असल्याने त्याच्या चाचणीचा दाखला सोबत असावा. नवे ठाण स्वतः जाऊन, शक्य तर पावसाळ्यात, पाहावे. घोडा परस्पर विकू नये आणि सांभाळणे अशक्य झाल्यास मूळ मालकाला परत द्यावा, अशी अट करारात घालावी. आणि ज्याला योग्य घर सापडत नाही त्याने, कितीही अडचण असली तरी, जनावर माळावर सोडून देऊ नये. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे.