अठरा झाले म्हणून बंदूक मिळत नाही. लायसनला २१ पूर्णच लागतात

तीर्थपुरी : हरभऱ्यात रोही घुसले की रात्रभर जागावं लागतं. परवा अशाच जागलीवर शेजारच्या शेतातला पोरगा म्हणाला, “काका, मला अठरा झाले. मतदान कार्ड आलं, गाडीचं लायसन निघालं. आता बंदुकीचं काढावं म्हणतो.” त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण हा प्रश्न गावोगाव विचारला जातो.

कायदा काय म्हणतो?
आपल्या देशात शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या कलम ९ प्रमाणे २१ वर्षं पूर्ण न झालेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस घेता येत नाही, जवळ ठेवता येत नाही, घेऊन फिरताही येत नाही. आधी ही अट १६ वर्षांची होती. १९८३ च्या दुरुस्तीत ती २१ झाली. मतदान अठराला, मोटारसायकल अठराला. पण मुलाचं लग्न आणि बंदूक एकविसाला, असं ध्यानात ठेवा. अमेरिकेत दुकानातून रायफल घ्यायला केंद्राच्या कायद्यानं १८ आणि पिस्तुलाला २१ अशी अट आहे. सिनेमात, मोबाईलवर तिकडचं बघून इकडचा हिशोब लावू नका.

२१ झाले म्हणजे लायसन पक्कं का?
नाही. वय ही फक्त पहिली पायरी. आपल्या जिल्ह्यात लायसन जिल्हाधिकारी देतात. अर्ज केला की पोलिसांचा अहवाल मागवला जातो. बंदूक कशाला पाहिजे, हे पटवून द्यावं लागतं. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल, तर शिक्षा संपल्यावरही पाच वर्षं बंदूक बाळगता येत नाही. म्हणून पोरांनो, जत्रेतली, निवडणुकीतली हाणामारी पुढं महागात पडते.

पीक राखायला बंदूक?
पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन मागता येतं, कायद्यात तशी तरतूद आहे. पण लायसन मिळालं म्हणजे रोही, रानडुक्कर मारायची परवानगी मिळाली असं नाही. तो विषय १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा. त्याला वन विभागाची परवानगी वेगळी लागते. परवानगी नसताना जनावर मारलं तर पीक गेलंच, वर गुन्हाही लागतो. नुकसान झालं तर वन विभागाकडं भरपाईचा अर्ज करा. पंचनाम्याआधी शेत नांगरू नका.

वडिलांची बंदूक पोराच्या हातात
खरी गडबड इथं होते. लायसन वडिलांच्या नावावर, अन् बंदूक घेऊन जागलीला एकोणीस वर्षांचा पोरगा. हे चालत नाही. लायसन माणसाचं असतं, घराचं नाही. पोरगा अडकतो आणि वडिलांचं लायसनही धोक्यात येतं. लायसनधारक वारले तर बंदूक माळ्यावर ठेवून द्यायची नाही. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करून पावती घ्यायची. वारसाला २१ पूर्ण झाल्यावर स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो.

सूट कोणाला?
नेमबाजी खेळणाऱ्यांना. २०१६ च्या शस्त्र नियमांत १२ ते २१ वयाच्या खेळाडूंना देखरेखीखाली सराव करायची सोय आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्य पदक आणलं, तोही खेड्यातलाच पोरगा. हौस असेल तर हा रस्ता सरळ आहे.

शिक्षा किती?
विनापरवाना बंदूक सापडली तर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, शिवाय दंड. २०१९ च्या दुरुस्तीनं ही शिक्षा वाढवली. त्याच दुरुस्तीनं लग्नात, वरातीत हौसेनं गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलंय. बंदूक लायसनची असली तरी. गावठी कट्टा कोणी “फक्त दोन दिवस ठेव” म्हणून दिला, तरी ज्याच्याकडं सापडला तो आरोपी.

तलवारीनं केक कापून रील टाकणाऱ्यांवरही राज्यात शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झालेत. तिथं तर पुरावा पोरंच स्वतःच्या हातानं मोबाईलवर टाकतात. शेतीचा कोयता, विळा, कुऱ्हाड शेतीच्या कामाला असेल तर अडचण नाही. तोच कोयता चौकात मिरवला की विषय बदलतो.

पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी कितीतरी पोरं आपल्याकडं आहेत. भरतीत चारित्र्य पडताळणी होते. एका रीलपायी, एका रात्रीच्या हौसेपायी ती मेहनत वाया जाऊ नये.

शेजारचा पोरगा सगळं ऐकून म्हणाला, “मग तीन वर्षं काय करू?” म्हटलं, बॅटरी घे, फटाके घे, बांधाला जाळी लाव, अन् भरतीचा अभ्यास कर. बंदूक सरकारच देईल, वर्दीसकट.